नळी ओळंब्यात होती

भोरच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो तेव्हा पुड्या बांधणं, मिक्श्चर ढवळणं आणि जखमा धुणं एवढंच माझं काम होतं. रक्त बघायचं काम नंतर आलं, आणि ते आणलं आमच्या नव्या डॉक्टरांनी. संस्थानच्या नोकरीत येण्याआधी ते मुंबईला क्षयरोग्यांच्या इस्पितळात होते. येताना त्यांनी दोन काचेच्या नळ्या, त्या उभ्या करायच्या दोन लाकडी घोड्या आणि एक ठाम मत बरोबर आणलं. मत असं, की छाती ठोकून आणि नाडी धरून रोगी आज कसा आहे ते कळतं. पुढे त्याचं काय होणार ते त्याचं रक्त सांगतं.

रीत सोपी होती. रक्त काढायचं, गोठू नये म्हणून त्यात सायट्रेटचं पाणी मिसळायचं, हातभर लांब, रेघा आखलेल्या आणि बोरूपेक्षाही बारीक अशा नळीत ते चढवायचं आणि नळी घोडीत उभी करून तासभर थांबायचं. लाल भाग हळूहळू खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी सुटतं. धडधाकट माणसाचं रक्त तासात सात-आठ रेघा उतरतं. क्षय अंगात मुरला असेल तर साठ, ऐंशी, शंभर. बसण्याची घाई जितकी जास्त तितका रोगी वाईट.

"महिन्याच्या महिन्याला आकडा उतरत असेल तर तो जगला," डॉक्टर म्हणायचे. "चढत असेल तर त्याच्या घरच्यांशी गोड बोला."

नदीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये क्षयरोग्यांसाठी चार खाटा होत्या. दूध, अंडी, माशाचं तेल, उघडी हवा आणि विश्रांती, याहून जास्त त्या काळी कुणाकडेच काही नव्हतं. पण एवढ्यावर माणसं उठून चालत घरी गेलेली मी पाहिली आहेत. चारच खाटा असल्यामुळे डॉक्टरांनी नियम केला होता: आकडा सत्तरच्या वर असेल तर खाट द्यायची नाही. ज्याच्यात वाचण्याजोगं काही उरलं आहे त्यालाच ती मिळावी. तेव्हा मला हा नियम कठोर वाटला नव्हता. आजही तो चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. चूक दुसरीकडे झाली आणि ती माझी होती. इतकी वर्षं ती मी चारचौघांत बोललो नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी आमची फेरी वेल्ह्याला गेली होती. डॉक्टर चावडीत बसून रोगी तपासत होते. दुपारी वरच्या वाडीतला एक गवळी धनगर आला. बायको चार महिने खोकते आहे, दोनदा थुंकीतून रक्त पडलं, आता तिला चालवत नाही, असं त्यानं सांगितलं. चावडीपुढे चाळीस माणसं बसलेली. डॉक्टरांनी मला आपलं खिशातलं घड्याळ दिलं आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन रक्त लावून या. आकडा सांगा. मग बघू खाटेचं."

तोरण्याच्या अंगानं दीड-दोन तासांची चढण. वाडी म्हणजे पाच घरं. घरात शिरलं की अर्ध्यात माणसं आणि अर्ध्यात गुरं. बाई बाविशीची असेल, खांबाला टेकून बसली होती, आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांची पोर तिच्या पाटल्या मोजत होती. मी रक्त काढलं तेव्हा बाईनं हूं की चूं केलं नाही. पोरच रडली.

नळी भरून घोडी पाटावर ठेवली आणि घड्याळ लावलं. मग तासभर करायचं काय? तिचा नवरा, सासू, शेजारची दोन-तीन माणसं, सगळी गोल करून बसली. मी एरवी कमी बोलणारा. त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, हे काय आहे ते मी त्यांना समजावून सांगितलं. रक्त सावकाश उतरलं तर चांगलं, झपाट्यानं उतरलं तर वाईट.

सासू पुढे सरकली. "मंग ह्यो कौलच की."

"कौल नव्हे, आजी. हे शास्त्र आहे."

"त्येच. आमी देवाला पाकळ्या लावतो, तुमी काचंला रगत लावता." मग तिनंच मला सांगितलं. आठ दिवसांपूर्वी त्यांनी देवाला कौल लावला होता. ओल्या पाकळ्या देवाच्या दगडाला दोन्ही अंगांनी चिकटवायच्या आणि प्रश्न विचारून वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सून वाचंल का, असं विचारलं होतं आणि उजवी पडली होती. "देवानं राखलीया हिला," म्हातारी म्हणाली. "आता तुमचं सरकार काय म्हंतंय बघू."

नवरा हसला. "सरकार देवाच्या म्होरं जातंय व्हय?"

पण हळूहळू हसणं थांबलं. रक्त उतरत होतं, आणि ते झपाट्यानं उतरत होतं. मी रेघा मोजत होतो, आणि माझ्या खांद्यावरून म्हातारी. तिला आकडे येत नव्हते. त्यांची गरजही नव्हती.

चाळीस मिनिटं झाली असतील तेव्हा माझ्या लक्षात आलं की रक्त सरळ खाली बसत नाही. नळीच्या एका अंगाला ते चिकटून घसरत होतं आणि दुसऱ्या अंगानं पिवळं पाणी वर चढत होतं. मी मान तिरकी करून पाहिलं. नळी झुकलेली होती. त्या घरांतली जमीन गोठ्याकडे उतरती सारवतात, गुरांचं मूत बाहेर वाहून जावं म्हणून. पाट त्या उतारावर होता, पाटावर घोडी होती आणि घोडीत नळी. नळी ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, नसली तर रक्त लवकर बसतं हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

तास भरला. आकडा एकशे चार.

मी म्हणालो, "आजी, पुन्हा एकदा लावावं म्हणतो. नळी जराशी..."

"न्हाई." म्हातारीनं मला पुढे बोलूच दिलं नाही. "पडलेला कौल परत लावत न्हाईत. एकाच गोष्टीचं देवाला दोनदा इचारायचं न्हाई."

नवरा खाली बघत होता. बाई मात्र माझ्याकडे बघत होती. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि मला उजेडात खाली पोचायचं होतं. खरं लिहायचं तर म्हातारीच्या त्या बोलण्यानं मला बरंच वाटलं. पुन्हा सुई टोचायला नको, पुन्हा तासभर त्या सगळ्यांच्या नजरेत बसायला नको. मी नळी धुतली आणि पेटीत ठेवली.

नवरा माझ्याबरोबर खाली आला. चावडीत डॉक्टरांनी वही उघडली.

"किती?"

"एकशे चार."

त्यांनी मान वर केली. "नळी ओळंब्यात होती ना?"

"होती," मी म्हणालो.

एवढंच. आयुष्यात मी खोटं फार बोललो नाही, बोलतोच कमी. पण बोललो त्यातलं हे सर्वांत आखूड होतं. डॉक्टरांचा राग मला माहीत होता, माझी नोकरी नवी होती, घरी लहान मूल होतं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही पुरत नाही.

डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाहेर नेलं. खाट नाही म्हणून सांगितलं. तिला वेगळं ठेवा, पोर तिच्याजवळ देऊ नका, दूध भरपूर पाजा. त्यानं विचारलं, "किती दिस?" डॉक्टर म्हणाले, "पावसाळा काढेल असं वाटत नाही."

भोरला आल्यावर एका रविवारी दवाखाना बंद असताना मी स्वतःच्या दंडातून रक्त काढून दोन्ही नळ्या भरल्या. एक सरळ उभी केली. दुसऱ्या घोडीच्या पायाखाली दगडाची चिपरी सरकवून ती तेवढीच झुकवली, आठवत होती तेवढी. तासानं सरळ नळी सातावर होती आणि तिरपी एकविसावर. म्हणजे त्या बाईचा खरा आकडा एकशे चार नव्हता. किती होता ते मला आजही सांगता येणार नाही, पण सत्तरच्या आत असणार, बहुधा पन्नासच्याही आत.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाता आलं असतं. पण चौथी खाट आदल्याच दिवशी नसरापूरकडच्या एका शिंप्याला मिळाली होती. त्याचा आकडा बासष्ट. त्याला उठवा, असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? आठ महिन्यांनी तो बरा होऊन घरी गेला आणि माझ्या मुलासाठी त्यानं एक टोपी शिवून पाठवली. जरीकाठाची. ती टोपी मुलाच्या डोक्यावर बघताना मला काय वाटायचं ते मी बायकोलाही सांगितलं नाही.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर त्या बाईचा नवरा डोळ्यांचं औषध न्यायला आला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "हाय अजून. गोठ्याच्या पल्याड खोपी घातलीया तिला. शेरडं राखती." जरा थांबून म्हणाला, "पोरीला कोनतरी पायजे म्हून म्या पाट लावला. बरी हाय दुसरी. पोर तिलाच आई म्हनती."

डॉक्टरांना मी सांगितलं की एकशे चारवाली अजून जिवंत आहे. ते म्हणाले, "असतात काही चिवट." आणि पुढचा रोगी बोलावला.

दोन वर्षांनी वेल्ह्याच्या बाजारात ती मला दिसली. अंगानं भरली होती, डोक्यावर पानांचा भारा होता. मी वाकून वहाणेचा अंगठा ठीक करत बसलो, ती निघून जाईपर्यंत. त्यानंतर वेल्ह्याची फेरी आली की मी काहीतरी सबब काढून भोरलाच राहायला लागलो.

अकरा वर्षांनी ती स्वतःच आली. सकाळी दवाखाना उघडला तर पायरीवर बसलेली.

"वळखलं का, दादा? म्याच ती, पावसाळा न काढनारी." मग हसून म्हणाली, "अकरा काढलं. मोजून."

तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ती भीक मागायला आली नव्हती, औषधालाही नाही. तिला मुलीला हळद लावायची होती. सासू लावू देत नव्हती. अकरा वर्षांत त्या पोरीच्या अंगाला तिनं हात लावला नव्हता. लांबून बोलायचं, लांबून बघायचं. खोकला कधीच गेला होता. दिवसभर शेरडांमागे डोंगर चढायची, त्यांचंच दूध प्यायची. पण वाडीत कुणी तिच्या तांब्यातलं पाणी पीत नव्हतं.

"आत्या म्हंती, तुजं रगत पडलंय. देवाचा उजवा कौल व्हता, त्यो तुमच्या नळीनं डावा केला. आता तुमीच येऊन फिरवा."

"सासूबाई पुन्हा लावू देतील? तेव्हा तर..."

"म्या इचारलं. म्हंती, तवा वाचंल का म्हून इचारलं व्हतं. आता बरी हाय का म्हून इचारायचं. सवाल येगळा हाय."

मी डॉक्टरांची परवानगी काढली. ते आता निवृत्तीला आले होते. "जा, जा," म्हणाले, "मलाही तिचा आकडा बघायचाय."

या खेपेला घोडी ठेवण्याआधी मी एक दोरा काढला, त्याला पेटीची किल्ली बांधली आणि तो घोडीशेजारी तुळईला टांगला. पाटाखाली चिपऱ्या सरकवत बसलो, नळी त्या दोऱ्याला अगदी समांतर येईपर्यंत. लग्नाचं घर होतं; पुष्कळ माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "गवंडी आनलाय का वैद्य?" हशा पिकला.

तासभर पुन्हा तसंच गोल करून बसलो. म्हातारीला आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. दर थोड्या वेळानं ती विचारायची, "किती खाली गेलं?" आणि नवरा सांगायचा, "हाय तितंच हाय." शेवटी आकडा बारा भरला. मी म्हणालो, "आजी, रक्त चांगलं आहे."

म्हातारीनं हात चाचपडत नळीला बोट लावलं. मग सुनेकडे तोंड न करताच म्हणाली, "जा. हात धू आन हळद कालीव."

मी मागच्या अंगाला नळी धूत होतो तेव्हा बाई आली. तिच्या हातात हळदीची वाटी होती. ती खाली बसली नाही.

"दादा, तवा ह्यो दोरा न्हवता."

मी नळी धूतच राहिलो. मग म्हणालो, "नव्हता."

"नळी कलली व्हती. म्या बगितली व्हती. म्हनलं, असंल तुमची तशीच रीत."

"रीत नव्हती. माझी चूक होती."

"मंग तवाचं समदं खोटं?"

"सगळं नाही. तुम्ही आजारी होता. पण मी सांगितलं तितक्या नव्हता."

"आन खाट?"

"मिळाली असती."

आत बायकांनी गाणं सुरू केलं होतं आणि तिला कुणीतरी हाका मारत होतं. मी तोंड उघडलं, माफी मागायला. तिनं वाटी दुसऱ्या हातात घेतली.

"हितं कुनाला बोलू नगा. तवा नळीनं खोटं सांगितलं म्हनलात, तर आत्या म्हनंल आजबी खोटंच सांगितलं. माजी हळद ऱ्हाईल." आणि आत जाता जाता म्हणाली, "म्या हाय तवर न्हाई बोलायचं."

अकरा वर्षं मी माफी कशी मागायची याचे शब्द जुळवत होतो आणि मला मिळाली ताकीद. मी ती पाळली. पाळण्यात मला त्रास झाला असं लिहिलं तर तेही खोटं होईल. मला गप्प राहणं सोयीचं होतं. आता तर त्याला तिचाच हुकूम मिळाला होता. लोक उलट माझं कौतुक करायचे की कंपाउंडरनं वर जाऊन बाईला पोर परत दिली. मी मान हलवायचो.

यंदा आषाढात ती गेली. छातीनं नाही, पाण्यात उतरलेलं शेरडू काढताना ओढ्यात पाय सरकला. हे मला तिच्या मुलीकडून कळलं. मुलगी आता दोन पोरांची आई. धाकट्याचा कान फुटला म्हणून ती दवाखान्यात आली होती. संस्थान गेलं, डॉक्टर गेले, शेड पडली. मी आणि जुन्या वह्या तेवढ्या उरलो आहोत.

"थोरली गेली," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं की लग्नानंतरही तिच्या तोंडी 'आई' दुसरीच राहिली.

पोराचा कान धुऊन झाल्यावर मी तिला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. उतरती जमीन, नळी, चावडीतला तो एक शब्द, खाट.

"थोरलीला ह्ये ठावं व्हतं?"

"होय. तुमच्या हळदीच्या दिवसापासून."

"आन मला बोलली न्हाई." ती पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "खाट मिळाली असती, तर ती परत कवा आली असती?"

"आठ महिन्यांनी. वर्षानं."

"म्हंजी म्या चार वर्साची असते. तिच्याकडंच निजले असते."

"आली असती असं खात्रीनं म्हणवत नाही. येण्याचा संभव होता."

"तुमी अजूनबी मोजूनच बोलता." त्यात राग होता की नाही ते मला समजलं नाही. मग तिनं विचारलं, "आन तवा तिच्यापाशी ऱ्हायले असते, तर मला लागलं असतं का त्ये?"

हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. "कदाचित," मी म्हणालो. "त्या वेळी लागलंही असतं. नंतर, खोकला गेल्यावर, बहुधा नाही. नळी ते सांगत नाही."

"मंग काय सांगती तुमची नळी?"

मी कापसाचे बोळे आवरायला लागलो. तिनं भिंतीकडच्या कपाटाकडे बोट केलं. "त्या वहीत लिवलंय का अजून?"

शोधायला वेळ लागला. कागद पिवळा पडला होता, पण डॉक्टरांचं अक्षर ठसठशीत होतं: एकशे चार, आशा नाही. ती म्हणाली, "खोडा." मी तिला सांगितलं की दवाखान्याच्या वहीत खोडता येत नाही, खाली लिहिता येतं. "मंग लिवा," ती म्हणाली.

मी लिहिलं: वरील आकडा चुकीचा आहे. नळी ओळंब्यात नव्हती. हे मला त्याच दिवशी माहीत होतं. खाली सही केली. तिला वाचता येत नसल्यामुळे मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग पोराला काखेत घेऊन विचारलं, कानात औषध दिवसातून किती वेळा घालायचं. मी म्हणालो, दोनदा, आणि थेंब टाकताना डोकं कसं धरायचं ते दाखवलं.